व्हिक्टरच्या विहिरीचं पाणी

वटार, गुरुवार, २० मार्च २०२५

ग्लोरिया,

ओटा झाडून झाला होता, शेगडी पुसून झाली होती, आणि आदल्या दिवशीच्या उरलेल्या पाण्याचा पहिला चहा रिक्षावाल्यांनी संपवलाही होता. परवाची, मंगळवारची सकाळ सांगते आहे. दारातल्या गवती चहाच्या चार पाती तोडल्या. जॉयलच्या फोटोपुढचं फूल बदललं. सहा वर्षं बदलते आहे, अजून एक दिवस चुकलेला नाही. पावणेसातला ब्रायन पाण्याचे दोन कॅन ठेवून गेला. त्यातल्या एका कॅनचं पाणी घेऊन दुसरं पातेलं टाकलं, दूध ओतलं आणि ते फाटलं. मी तबेल्यावाल्याला मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या, किटलीतलं सगळं दूध मोरीत ओतलं, शेजारच्या दुकानातून पिशवीचं दूध आणलं. तेही फाटलं. गिऱ्हाइकं हसायला लागली. तेवढ्यात व्हिक्टरच्या वाडीकडून ओरडा ऐकू आला आणि मग त्या दिवशी चहा झालाच नाही.

व्हिक्टर गेला, ग्लोरिया. ज्याच्या वाडीतले जांब आपण दोघी चोरायचो आणि जो बघून न बघितल्यासारखं करायचा, तो. त्याच्याच विहिरीत सापडला. त्याच्याकडे कामाला असलेला लहानू धोडी साडेसातला पानवेलीला पाणी सोडायला गेला, तेव्हा त्याला दिसलं. आधी सगळे पाय घसरला म्हणाले. पण मोटारीच्या खोलीचं कुलूप फोडलेलं होतं, म्हणून पोलीस आले, फोटो काढले, देह तपासणीला नेला.

काल दफन झालं. देह यायच्या आधी आम्ही चार बायकांनी घर आवरलं. व्हिक्टरला मूल नाही, जुलियाना जाऊन अकरा वर्षं झाली, मग आवरणार कोण? केर काढला, चादरी बदलल्या, ओटीवर चहाचे दोन कप पडले होते ते मी धुतले.

तू माझा फोन घेत नाहीस. नऊ वर्षं घेतला नाहीस. म्हणून लिहिते. इनेझ सुट्टीवर आली आहे, सहा एप्रिलला परत कुवेतला येईल, तिच्या हाती पाकीट देईन. फाडायचं असेल तर तिच्यासमोर फाडू नकोस एवढंच.

ब्रायन बरा आहे. टँकर स्वतःचा घेतला, व्हिक्टरच्या विहिरीचं पाणी नालासोपाऱ्याच्या इमारतींना पोचवायचा. दुकानामागची आपली विहीर तीन वर्षांपूर्वी खारी झाली, चहाला चालत नाही, म्हणून रोज सकाळी मलाही दोन कॅन आणून द्यायचा. एकदाही खाडा केला नाही.

तेरेसा

वटार, बुधवार, २६ मार्च

ग्लोरिया,

मागच्या पत्रात ब्रायन बरा आहे असं लिहिलं. ते पुसत नाही, पण त्यापुढे काही लिहायचं राहिलं होतं.

शनिवारी पोलिसांनी लहानूला नेलं. मोटार चोरायला त्याने कुलूप फोडलं, व्हिक्टरने पकडलं, त्याने ढकलून दिलं, असं त्यांचं म्हणणं. दुकानात तेव्हापासून दुसरा विषय नाही. रिक्षावाला हार्दिक म्हणाला, "लहानूला कोंबडी धरता येत नाय, तो व्हिक्टरअंकलला काय ढकलनार?" आपला जुना पोस्टमन चंद्रहास तुला आठवत असेल. निवृत्त झाला तरी रोज अकराला येऊन बसतो, पेपर वाचतो, माझी पुस्तकं चाळतो. तो म्हणाला, "तेरेसाबाई, तुमच्या पुस्तकात खुनी शेवटच्या पानावर सापडतो. पोलिसांना पहिल्याच पानावर सापडला, पुढे वाचायचं कशाला?"

सगळे हसले. मीही हसले.

तुला माझ्या पुस्तकांचं माहीत नाही. आपण दोघी सातवीपर्यंत शिकलो. लग्नानंतर जॉयल दर रविवारी मिस्सा झाल्यावर वाचनालयातून एक रहस्यकथा आणायचा. मी चहाच्या दोन पातेल्यांच्या मधल्या वेळात वाचायची. खुनी कोण ते तो आधीच शेवटचं पान बघून ठेवायचा आणि भांडण झालं की सांगून टाकायचा. आता सांगणारं कोणी नाही, तर मी प्रत्येक पुस्तक शेवटापर्यंत वाचते. तेवढ्याने कोणी पोलीस होत नाही, पण एक सवय लागते. कोणी काही सांगितलं की ते कुठे बसतं आणि कुठे बसत नाही ते बघायची.

लहानूला पोलिसांनी नेलं ते ब्रायनच्या जबाबावरून.

ब्रायनने सांगितलं, सव्वासहाला मी विहिरीवर मावशीचे कॅन भरले. व्हिक्टरअंकलनी हाक मारली, ओटीवर बसून दोघांनी चहा घेतला. मी निघालो तेव्हा लहानू पहार घेऊन मोटारीकडे चालला होता. पोलिसांनी ओटीवरचे दोन कप पाहिलेच होते, त्यांच्या फोटोतही ते आहेत. म्हणजे सव्वासहाला व्हिक्टर जिवंत होता आणि त्यानंतर लहानू होता.

काल लहानूची बायको जमनी आली. आत आली नाही, ओट्याच्या खाली उभी राहिली. मी चहा दिला तर कप नुसता हातात धरून ठेवला.

"बाय," ती म्हणाली, "त्या दिशी माझा मानूस सहापासून माझ्यासंगं पानं खुडत व्हता. मोटारीकडं गेलाच नाय. मी सांगितलं तर बोलतात, तू बायको, तू तेच सांगनार. ब्रायनभाऊ तुजा पोर हाय ना? त्याला इचार ना, अंधारात त्याला दुसरा कोन तरी दिसला असंल."

मी विचारते म्हटलं. ती गेल्यावर तिचा कप धुवायला घेतला आणि हात तिथेच थांबला.

आठवड्यापूर्वी व्हिक्टरच्या ओटीवरचे कप धुतले तेव्हा दोन्हींच्या तळाला साय चिकटली होती. नखाने काढावी लागली होती. दुधाचा चहा. आणि मंगळवार होता अठरा मार्च, उपवासकाळातला दुसरा आठवडा. जुलियाना गेली त्या वर्षापासून व्हिक्टर राखेच्या बुधवारी चहा सोडायचा तो ईस्टरला सकाळी माझ्या दुकानात येऊन पहिला कप घ्यायचा. अकरा वर्षं. ते चाळीस दिवस तो माझ्याकडे बसायचा आणि नुसत्या गरम पाण्यात गवती चहा घालून प्यायचा. तापाने फणफणला होता तेव्हाही मी दूध घालते म्हटलं तर म्हणाला, "जुलियानाला काय सांगू?"

हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत. ब्रायनलाही होतं. पण जो मुलगा पाच-सहा वर्षं चर्चच्या पायरीवर चढला नाही, त्याला उपवासकाळ सुरू झाला आहे हेच ध्यानात नसेल. बाहेरच्या पोलिसाला कप बघून काय कळणार?

आणि ते कप मी धुतले. घासून, पालथे घालून आले.

आणखी एक. त्या सकाळी ब्रायन रोजच्यापेक्षा पाऊण तास उशिरा आला. केस ओले होते. मी विचारलं, एवढ्या लवकर आंघोळ? तो म्हणाला, उकडतंय. मार्चमध्ये एवढ्या सकाळी वटारला उकडत नाही, तुला माहीत आहे.

मी अजून त्याला काही विचारलेलं नाही. माणूस कधी तरी उपवास मोडतोही, असं स्वतःला सांगते आहे.

तेरेसा

वटार, रविवार, ३० मार्च

आज मिस्सेला गेले, पण मध्येच उठून आले.

व्हिक्टर गेल्यावर दुकान तीन दिवस बंद होतं. पोलिसांनी विहिरीला दोरी बांधली, तेव्हापासून ब्रायन मला विकतचं जारचं पाणी आणून देतो. त्यामुळे त्या मंगळवारच्या दोन कॅनपैकी एक बाकाखाली तसाच राहिला होता, झाकणही न उघडलेला. आज मिस्सेला निघण्याआधी झाडताना केरसुणी त्याला लागली.

मी झाकण उघडलं आणि ओंजळीत घेऊन चाखलं. खारं.

व्हिक्टरच्या विहिरीचं पाणी मी तीन वर्षं उकळते आहे. ते गोडं आहे. खाऱ्या पाण्यात दूध फाटतं, हे तर आपल्या पट्ट्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असेल. त्या सकाळी तबेल्याचं फाटलं, पिशवीचं फाटलं, आणि दोन वेगळी दुधं एकाच वेळी नासत नाहीत. पण मी दुधालाच दोष देत बसले, कारण पाणी ब्रायनने आणलेलं होतं. त्याच्यावर संशय घ्यायचं माझ्या डोक्यात येणारच नव्हतं.

आता बघ. ब्रायनने जबाबात सांगितलं की त्याने कॅन व्हिक्टरच्या विहिरीवर भरले. भरले नव्हते. दुसरीकडे कुठे तरी भरले. विहीर तीच, रस्ता तोच, तीन वर्षांची सवय. त्याच दिवशी तिथलं पाणी का नाही घेतलं? एकच उत्तर येतं. त्या विहिरीत काय आहे ते त्याला पावणेसातच्या आधी माहीत होतं. आणि त्या पाण्याचा चहा मावशीने करू नये असं त्याला वाटलं.

मिस्सेतून उठून आल्यावर मी दोन तास तशीच बाकावर बसून होते. मला रागाने काही तरी व्हायला हवं होतं. त्याऐवजी वाटत राहिलं, त्याने माझा विचार केला. एवढं झाल्यावरही केला.

अकराला चंद्रहास आला. दुकान अर्धं उघडं बघून विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, "भाऊ, एखादी गोष्ट कळली आणि ती आपल्याच माणसाची असली, तर?"

तो पेपरची घडी करत बसला. मग म्हणाला, "तेरेसाबाई, मी चौतीस वर्षं टपाल वाटलं. कोणाच्या घरी कुठलं पाकीट गेलं ते पोस्टमन बोलत नसतो. चौदा वर्षांपूर्वी कुवेतहून ब्रायनच्या नावाने एक जाड पाकीट आलं होतं. रजिस्टर. तुमच्या हातात दिलं, तुम्ही सही केली. पुढे तुमची बहीण आईच्या मयताला आली, घरात भांडण झालं, तुम्ही पाकीट आलंच नाही म्हणालात. मी तिथे अंगणातच उभा होतो."

"बोलला का नाहीत?"

"तुमच्या घरात पोरगं एकच होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, राहू दे बाईकडे."

ग्लोरिया, तुला हे नऊ वर्षं माहीत आहे, पण माझ्या तोंडून ऐकलेलं नाहीस. पाकीट आलं होतं. त्यात व्हिसाचे कागद होते, नोकरीचं पत्र होतं, आणि तू लिहिलं होतंस की आता सतरा वर्षांचा झाला, आता माझ्याजवळ येऊ दे. तू त्याला आठ वर्षांचा माझ्याकडे ठेवून गेलीस. मला मूल झालं नाही. मी ते पाकीट तांदळाच्या डब्यात ठेवलं आणि तारीख निघून गेल्यावर चुलीत घातलं. जॉयललाही सांगितलं नाही. ब्रायनला वाटलं, आईने बोलावलंच नाही. तू लिहिलं होतं म्हणालीस तेव्हा त्याने तुला खोटारडी म्हटलं, आणि मी बाजूला उभी राहून ऐकलं.

तो गेला असता तर आज कुवेतमध्ये असता. टँकर नसता, विहीर नसती. हे मी कोणाची माफी मागण्यासाठी लिहीत नाही. जे झालं ते या क्रमाने झालं, म्हणून या क्रमाने लिहिते.

तेरेसा

वटार, शुक्रवार, ४ एप्रिल

ग्लोरिया,

बुधवारी दुपारी तीनला ब्रायन आला. त्या वेळी दुकानात कोणी नसतं. मी त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. त्याने नेहमीसारखा तोंडाला लावला आणि एक घोट घेऊन खाली ठेवला.

"हे कुठलं?"

"तूच आणलंस. अठरा तारखेला."

तो हसला. "मावशी, तू पण ना. पुस्तकं वाचून वाचून डोकं फिरलंय तुझं. बोअरचं मिक्स झालं असेल."

"व्हिक्टर उपवासकाळात चहा पीत नाही, ब्रायन."

तो उठला. मला वाटलं निघाला. पण त्याने शटर अर्धं खाली ओढलं आणि परत येऊन बसला, या वेळी माझ्या आणि दाराच्या मध्ये.

"कोणाला बोललीस?"

आवाज चढवला नव्हता. लहानपणी ताप असला की पाणी मागायचा तोच आवाज. ग्लोरिया, ज्याला मी भरवलं, न्हाऊ घातलं, त्याच्या हातांकडे मी पहिल्यांदा बघितलं. मोठे आहेत. टँकरचा पाइप ओढून ओढून तळवे जाड झालेत. मी म्हटलं, "चंद्रहासला माहीत आहे. सगळं." खोटं होतं. मी ते का बोलले ते त्यालाही कळलं. त्याचं तोंड एकदम उतरलं.

"तुला काय वाटलं, मी तुला..." एवढंच म्हणाला.

मग त्याने सांगितलं. विहिरीचं पाणी खाली चाललं होतं. व्हिक्टर म्हणाला होता, तुझ्या टँकरने ही विहीरपण खारी होईल, आता बंद. सोमवारी मोटारीच्या खोलीला कुलूप लावलं. मंगळवारी पहाटे पाचला ब्रायनने ते तोडलं, पाइप सोडला, मोटार चालू केली. आवाजाने व्हिक्टर आला. तो कठड्यावर चढून पाइप वर ओढायला लागला. ब्रायनने खालून हिसका दिला.

"ढकललं नाही मी. आईशप्पथ. पाइप खेचला फक्त."

"आणि मग?"

"मग तो हाका मारत होता."

"दोर कुठे होता?"

"तिथेच."

मग तोच बोलत राहिला. म्हणाला, "मोटारीच्या आवाजात धड ऐकू येत नव्हतं, मावशी. मला वाटलं वर काढला तर पोलीस, केस, टँकर जाणार. मी एक मिनिट थांबलो. फक्त एक मिनिट विचार करायला. मग मोटार बंद केली तर काही आवाजच नव्हता."

त्यानंतर तो व्हिक्टरच्या स्वयंपाकघरात गेला, चहा केला, दोन कप भरले, दोन्ही स्वतः प्यायला. विचार कर. ज्या घराचा माणूस पन्नास पावलांवर पाण्यात आहे त्या घरात बसून दोन कप चहा. मग डोक्यावरून पाणी घेतलं आणि नाक्यावरच्या बोअरवर येऊन माझे कॅन भरले.

"लहानूचं नाव का घेतलंस?"

"पोलिसांनी विचारलं, अजून कोण होतं. तोंडातून निघून गेलं." मग घाईघाईने म्हणाला, "सुटेल तो. पुरावा काय आहे? चार-सहा महिन्यांत सुटेल. वकील मी देतो ना. जमनीला पण काही कमी पडू देणार नाही. तू फक्त गप्प राहा. तुला माझ्याशिवाय कोण आहे, बोल. आणि मला तरी कोण आहे? तिने तर बोलावलंही नाही मला कधी."

मी तेव्हा त्याला पाकिटाचं सांगितलं. डबा, चूल, सगळं.

मला वाटलं होतं तो ओरडेल. त्याने पाण्याचा ग्लास बाजूला सारला. मग म्हणाला, "म्हणजे तुला जमतं गप्प राहायला. मग आताच काय झालं?"

त्याचं उत्तर मी तिथे दिलं नाही. तुला देते. तेव्हा मी गप्प राहिले ते तो मला हवा होता म्हणून. आता गप्प राहिले तर तेही त्याच कारणाने. आणि या वेळी तांदळाच्या डब्यात लहानू धोडी आहे, त्याची बायको ओट्याच्या खाली उभी आहे.

मी म्हटलं, "उद्या सकाळी नऊपर्यंत तू स्वतः जा. मी बरोबर येईन, तुझ्याच बाजूला बसेन. नाही गेलास तर मी एकटी जाईन."

तो उठला. शटर वर केलं. बाहेर ऊन होतं, नाक्यावर फुलांच्या टोपल्या टेम्पोत चढत होत्या. जाताना म्हणाला, "दार लावून घे आज नीट," आणि ते त्याने काळजीने म्हटलं की कसं, हे मी अजून ठरवू शकले नाही. मी लावलं. कडीला फळीही घातली. आपल्याच मुलाला भिऊन.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजले, तो आला नाही. मी हार्दिकच्या रिक्षाने चौकीवर गेले आणि कपांचं, कॅनचं आणि त्याने सांगितलेलं सगळं जसंच्या तसं लिहून दिलं. हवालदाराने जबाब वाचून दाखवला, मी सही केली. मग त्याने आरोपीच्या आईचं नाव विचारलं. मी ग्लोरिया सांगितलं, आणि पत्ता कुवेतचा.